बॅग किती जोरात पडते? जालन्यातल्या एका बियाणे गोदामाचं प्रकरण

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या गोदामातून फोन आला. "कन्व्हेयर तासातासाला थांबतोय, येऊन बघून जा." गोदामात माल हलवणाऱ्या यंत्रणा बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. ही लाइन मी बसवलेली नव्हती, पण मृग तोंडावर आलेला असताना बियाण्याचं गोदाम थांबतं म्हणजे काय होतं हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोचलो तर गेटबाहेर अठरा ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर लोक लिंबाखाली चादरी टाकून झोपले होते.

"जालना सोने का पालना" ही म्हण जुनी आहे. माझ्या पिढीला मात्र त्यातलं सोनं म्हटलं की बियाणंच आठवतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या वाटेने पुढे कितीतरी कंपन्या या गावात उभ्या राहिल्या. या धंद्याची एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. वर्षभर तयार केलेला माल जेमतेम चार-पाच आठवड्यांत बाहेर पडतो. पाऊस पडला की शेतकरी दुकानात येतो, तेव्हा बॅग दुकानात असली पाहिजे. म्हणून मे महिन्यात गोदामात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, तासाला किती बॅगा निघाल्या.

लाइन अशी होती. गोदामातल्या थप्पीवरून बॅग सपाट पट्ट्यावर येते. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर चालतो. पुढे बारकोड वाचला जातो, मग बॅग चढत्या पट्ट्यावरून ३.६ मीटर उंच माळ्यावर जाते. माळ्यावर हवेच्या दाबावर चालणारे तीन पुशर आहेत. ज्या ट्रकची ऑर्डर असेल त्या बाजूला पुशर बॅग ढकलतो आणि ती पत्र्याच्या घसरगुंडीवरून खाली ट्रकच्या फाळक्यापाशी येते. तिथून हमाल उचलून थप्पी लावतात. ठरलेली क्षमता तासाला १,२०० बॅगा.

लाइन थांबण्याचं कारण दुपारपर्यंत सापडलं. बॅग कुठे आहे हे ओळखायला पट्ट्याच्या कडेला प्रकाशाचे सेन्सर असतात. एका बाजूने किरण जातो, समोरच्या आरशावरून परत येतो, मधे बॅग आली की तुटतो. किरण ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त तुटलेला राहिला तर पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा छोटा संगणक, समजतो की बॅग अडकली, आणि लाइन बंद करतो. बीजप्रक्रिया केलेल्या, म्हणजे औषध चोळलेल्या, बियाण्याची लालसर भुकटी बॅगेच्या विणीतून बाहेर येते, ती त्या आरशांवर बसली होती. सेन्सरचे ब्रॅकेट थोडे वर घेतले, बारीक हवेची फुंकर देणारी नळी लावली, दर पाळीला कोरड्या फडक्याने पुसायला एक माणूस नेमला. ते बघताना खालच्या टोकाच्या पुलीवरची जाळी काढून ठेवलेली दिसली, ती आधी बसवून घेतली. पट्टा आणि पुलीच्या मधल्या फटीत हात गेला तर तो सुटत नाही. फिरत्या भागांना कुंपण हवं ही अट निदान १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून आहे आणि तरी जाळी कोपऱ्यातच सापडते, याचा मला दर वेळी राग येतो.

इथे माझं काम संपलं होतं. बिल लिहायला बसलो तेव्हा प्रयोगशाळेच्या ताई आल्या. हातात वही होती. म्हणाल्या, "सर, लाइन चालू झाली ते बरं झालं. पण माझ्या लॉटचं काय व्हायलंय ते जरा बघता का?"

दोन आठवड्यांपूर्वी परतूरकडच्या एका दुकानदाराचा त्यांना फोन आला होता. तो माणूस सोयाबीनचा कुठलाही लॉट, म्हणजे एकत्र तयार झालेल्या बियाण्याचा गट, विकण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि मोजतो. त्याच्या मोजणीत ६४ उगवले. बॅगेवरच्या कागदाप्रमाणे ७० च्या वर हवे होते, कारण सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. गोणपाटाची चाचणी कच्ची असते, त्यावरून कुणी निकाल देत नाही. पण ताईंनी तो फोन दुर्लक्षित केला नाही. ट्रकमध्ये भरलेल्या बॅगांतून स्वतः नमुने काढले, त्याच लॉटचे गोदामातले राखून ठेवलेले नमुने शेजारी लावले आणि कागदाच्या गुंडाळीत, २५ अंशांना, ४०० दाण्यांची आठ दिवसांची रीतसर चाचणी केली. नऊ लॉट. नऊच्या नऊ लॉटमध्ये ट्रकमधला नमुना गोदामातल्यापेक्षा खाली होता. बहुतेकांत दोन-चार टक्क्यांचा फरक होता. सगळ्यात कोरड्या लॉटमध्ये गोदामात ७५ आणि ट्रकमध्ये ६७.

एखाद्या लॉटमधल्या दोन-चार टक्क्यांच्या फरकाला अर्थ नसतो. ४०० दाण्यांच्या चाचणीत तेवढा उतारचढाव नशिबानेही येतो. पण नऊ वेळा एकाच बाजूला कल जाणं हे नशीब नव्हे.

कंपनीत यावर आधीच बैठक झाली होती. व्यवस्थापकांचा रोख उन्हावर होता, त्या दिवसांत जालन्याचा पारा ४२ च्या पुढे होता आणि ट्रक पत्र्यासारखे तापायचे. पण ताईंनी नमुने भरल्यापासून तासाभरात काढले होते, तेवढ्या वेळात उन्हाने बी मरत नाही. लाइन बसवणाऱ्यांचं म्हणणं होतं, एकही बॅग फाटत नाही, मग नुकसान कसलं? हा प्रश्न मलाही सुरुवातीला बिनतोड वाटला, हे कबूल करतो. माझ्या धंद्यात बॅग फाटली नाही, खोका चेपला नाही, म्हणजे माल सुखरूप पोचला असंच धरतात.

गाठ सुटली ती हमालांच्या टोळीच्या मुकादमामुळे. साठीच्या पुढचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी घसरगुंडीखाली उभा राहून बघत होतो, तर ते जवळ येऊन म्हणाले, "साहेब, डोळ्यानं काय बघायलात? आवाज ऐका. दिवाळीच्या टायमाला हे चालू केलं तवा कट्टा खाली येताना 'भस्स' म्हनायचा. आता 'धप्प' म्हनतोय."

मी उभा राहून ऐकलं. धप्प. तीन सेकंदांनी पुन्हा धप्प.

सोयाबीनचा दाणा हातात घेऊन नखाने खरवडून बघा. साल कागदासारखी पातळ असते आणि अंकुर सालीच्या लगेच खाली, एका कडेला, जवळजवळ उघड्यावर असतो. गहू किंवा ज्वारीसारखं त्याला संरक्षण नाही. दाणा जेवढा कोरडा तेवढा ठिसूळ, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो फार कोरडा होतो. मार लागला तर दाणा फुटतोच असं नाही, आत अंकुराला चीर जाते, बाहेरून पिवळाधमक दिसतो. म्हणून तर सोयाबीनच्या थप्प्या सात-आठ बॅगांपेक्षा उंच लावू नका, बॅगा आपटू नका, असं परभणीच्या कृषी विद्यापीठापासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे सांगत असतात. शेतकऱ्याला हे पाठ असतं. आम्हा यंत्रवाल्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि आम्ही विचारलेलं नसतं.

आठ दिवस थांबायला वेळ नव्हता. ताईंनी झटपट चाचणी सुचवली. सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात, म्हणजे पांढरे कपडे धुवायच्या ब्लीचमध्ये जे असतं त्याच्यात, शंभर दाणे दहा मिनिटं ठेवायचे. साल शाबूत असेल तर दाणा आहे तसा राहतो. चीर गेलेली असेल तर पाणी आत शिरतं आणि दाणा दुपटी-तिपटीने फुगतो. चाचणीसाठी बीजप्रक्रिया न केलेल्या, त्याच लॉटच्या वीस बॅगा भरून घेतल्या आणि लाइनवर सोडल्या. चार ठिकाणी नमुने काढले. थप्पीवर, चढत्या पट्ट्यानंतर, पुशरनंतर आणि घसरगुंडीच्या तोंडाशी.

चार स्टीलच्या वाट्या टेबलावर ओळीने ठेवल्या होत्या. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. पहिल्या वाटीत पाच दाणे फुगले, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात आठ. चौथ्या वाटीत मोजायला लागण्याआधीच दिसत होतं. साली सुरकुतून सुटलेल्या, दाणे भिजवलेल्या वालासारखे टम्म. एकोणीस. व्यवस्थापकांनी ती वाटी उचलून खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

आता किती जोरात पडते ते मोजायचं होतं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. घसरगुंडीच्या शेवटच्या भागावर अर्ध्या अर्ध्या मीटरवर पांढऱ्या रंगाने रेघा मारल्या आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने व्हिडिओ घेतला. मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. अर्धा मीटर पार करायला बॅगेला २० चित्रं लागत होती. म्हणजे सेकंदाला ६ मीटर. एखादी वस्तू ६ मीटरचा वेग घेते ती १.८ मीटर खाली पडल्यावर. प्रत्येक बॅग सहा फूट उंचीवरून पडल्यासारखी, पुढे थांबलेल्या बॅगेवर किंवा लोखंडी कठड्यावर आपटत होती.

दिवाळीत मग हे का झालं नाही? कागदपत्रं काढली आणि उलगडलं. लाइनची चाचणी ऑक्टोबरमध्ये झाली तेव्हा गोदामात भरलेलं बियाणं नव्हतं, म्हणून टाकाऊ धान्य भरलेली तागाची पोती वापरली. ताग खरखरीत, पत्र्याला नवा रंग. पोती मधेच अडकली. बसवणाऱ्यांनी घसरगुंडीचा कोन २७ वरून ३२ अंश केला, पोती सरकली, सह्या झाल्या. प्रत्यक्ष काम सुरू झालं ते विणलेल्या प्लॅस्टिकच्या गुळगुळीत बॅगांवर. हजारो बॅगा घासून घासून पत्र्यावरचा रंग गेला आणि तो आरशासारखा चकचकीत झाला. जसजसं काम वाढत गेलं तसतसं घर्षण कमी होत गेलं आणि वेग वाढत गेला. रोज थोडा थोडा, म्हणून कुणाच्या डोळ्यांना कळला नाही. मामांच्या कानाला कळला.

इथे हमालांबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कन्व्हेयर यायच्या आधी बॅगा नाजूकपणे ठेवल्या जात होत्या असं नाही. खांद्यावरून टाकलेली बॅगही चार-साडेचार फुटांवरून पडते. पण ती पडते एकदा, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या बॅगेवर. लाइनवर तीच बॅग पट्ट्यावरून पट्ट्यावर, पुशरखाली, कठड्यावर असे पाच मार खाऊन वर हमालाच्या हातून सहावा खाते. आणि यंत्राने हमालांच्या पाठीवरचं ओझं खरंच उतरवलं होतं. एका माणसाने दिवसाला ३० किलोच्या ४०० बॅगा वाहिल्या तर ते १२ टन होतात. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आला तो याच पाठींसाठी. म्हणून "काढून टाका ही लाइन" असं जेव्हा बैठकीत कुणीतरी म्हणालं, तेव्हा सगळ्यात आधी मामांनीच नाही म्हटलं.

मृगाला नऊ दिवस राहिले होते. नवी यंत्रसामग्री मागवून येणार नव्हती. जे करता आलं ते असं. सोयाबीन माळ्यावर न्यायचंच बंद केलं. जमिनीवरच्या पट्ट्यावरूनच ते पुढच्या दाराला वळवलं आणि तिथून साखर कारखान्यांत असतो तसा चाकांचा चढता पट्टा भाड्याने आणून थेट ट्रकमध्ये सोडलं. पट्ट्याचं टोक थप्पीच्या वर वीतभरच राहील असं दर थराला वर उचलायचं, हे काम टोळीतल्या एका पोराकडे दिलं. घसरगुंडीवर फक्त मका आणि कपाशीचे खोके ठेवले, पण तिलाही मोकळं सोडलं नाही. जुन्या कन्व्हेयरच्या रबरी पट्ट्याच्या आडव्या चिंध्या रिव्हेटने बसवल्या, खालच्या तोंडाशी एक मीटरचा सपाट, रबर चढवलेला भाग जोडला. पहिल्या दिवशी तीन खोके अडकले, दोन चिंध्या काढल्यावर सुटले. पुन्हा व्हिडिओ घेतला, तोंडाशी वेग सेकंदाला २ मीटर. म्हणजे वीतभर उंचीवरून पडल्यासारखं. पुशरची हवा आवळून त्याचा धक्का मंद केला. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जिथे फूट-दीड फुटाची उडी होती तिथे दुसरा पट्टा वर उचलून घेतला.

सोयाबीनचा वेग तासाला १,२०० वरून ५०० च्या आसपास आला. यावरून मोठा वाद झाला, आणि व्यवस्थापकांची बाजू खोटी नव्हती. ट्रक उभा राहिला की भाडं चढतं, दुकानदार दुसऱ्या कंपनीची बॅग घेतो. शेवटी भराई रात्रीही सुरू ठेवली. हमालांना रात्रीचा वेगळा दर ठरवून दिला, तो मामांनी घासाघीस करून वाढवून घेतला आणि ते योग्यच केलं.

त्याहून अवघड प्रश्न होता आधी गेलेल्या मालाचा. सत्तरच्या खाली आलेले लॉट दोन. गोदामात उरलेला माल बाजूला काढणं सोपं होतं. जो दुकानात गेला तो परत बोलवायचा म्हणजे स्वतःहून चूक कबूल करायची. बैठकीत कुणीतरी म्हणालं, शेतात उगवण कमी झाली तर पाऊस, पेरणीची खोली, शंभर कारणं असतात. ताईंनी त्यावर २०२० ची आठवण करून दिली. २०१९ च्या ऑक्टोबरमधल्या पावसाने बियाण्याचं सोयाबीन भिजलं होतं, पुढच्या खरिपात मराठवाडाभर उगवलं नाही, हजारोंनी तक्रारी झाल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या म्हणाल्या, "तेव्हा पावसाने झालं होतं. हे आपण केलंय, आणि आपल्याला माहीत आहे." त्यानंतर फार चर्चा झाली नाही. दोन्ही लॉटच्या बॅगा दुकानांतून परत मागवल्या. बहुतेक आल्या. काही विकल्या गेल्या होत्या.

सोयाबीनची शिफारस हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो. एक बॅग म्हणजे एक एकर. घसरगुंडीखाली आपटलेल्या प्रत्येक बॅगेमागे कुणाचा तरी एक एकर होता, हे मी त्या आठवड्यात शिकलो आणि तेव्हापासून बॅगा मोजताना ते मनातून जात नाही.

पुढच्या हंगामाआधी कंपनीने मधल्या घसरगुंडीच्या जागी उतरता पट्टा बसवला. तो बॅगेला पकडून, स्वतःच्या चालीने खाली आणतो. ऑर्डर लिहिताना मी तीन अटी घालायला लावल्या. चाचणी ज्या बॅगा प्रत्यक्ष वापरणार त्याच बॅगांवर, भरलेल्या, आणि उन्हाळ्यात. कुठल्याही जोडावर बॅग वीतभरापेक्षा जास्त पडता कामा नये. आणि वाट्यांची चाचणी थप्पीवर आणि ट्रकमध्ये दर आठवड्याला, तिची वही गोदामात टांगलेली. बसवणाऱ्यांना तिसरी अट विचित्र वाटली. कन्व्हेयरच्या निविदेत ब्लीच कशाला, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना ताईंकडे पाठवलं.

त्याच वर्षी, जूनच्या अखेरीस, विकल्या गेलेल्या बॅगांचा माग काढत मी आणि ताई मंठा तालुक्यातल्या एका शेतावर गेलो होतो. चांगला शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरलेलं होतं, खोलीही बरोबर होती, शेतकऱ्याने काहीच चुकवलं नव्हतं. ४५ सेंटिमीटरवर ओळी, दोन रोपांत ५ सेंटिमीटर, या हिशेबाने एक मीटर ओळीत वीस रोपं हवीत. ताईंनी काठी आडवी ठेवली आणि मोजलं. बारा. पुढच्या ओळीत अकरा. मग चौदा. तीन-तीन, चार-चार बोटांच्या मोकळ्या जागा, मधेच एखादं रोप एकच जाड दल घेऊन वाकडं उभं.

काका बांधावर टोकणीची पिशवी घेऊन बसले होते, नांग्या, म्हणजे या मोकळ्या जागा, भरायला. कंपनीची बदली बॅग त्यांना आदल्या दिवशी मिळाली होती. आम्ही काय झालं ते सांगितलं, घसरगुंडीचं, पत्र्याचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बॅग दिली ते चांगलं केलं. पण आता जे टोकीन ते पंधरा दिवस मागं राहनार. ह्याच्यावर फूल येईल तवा त्याच्यावर शेंग असंल. एका वावरात दोन पिकं." मग उठले, आणि आम्हीही चपला काढून त्यांच्यामागे ओळीत उतरलो.